गाडी कुणाला लागते

पनवेल

पालकसभा आटोपून मेधा घरी आली तेव्हा तिचा आवाज पार बसला होता. मेधा आमची मुलगी. खारघरच्या एका शाळेत सहावीला शिकवते. जावई बोटीवर असतो, वर्षातले बरेच महिने समुद्रावरच, म्हणून ती सुकापूरला आमच्याच इमारतीत एक मजला वर राहते आणि शाळेतून आली की आधी आमच्याकडे चहा घेते. त्या दिवशी चहाचं नाव न काढता ती सोफ्यावर आडवी झाली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सुटले बाई एकदाची!"

सुलभाने, म्हणजे माझ्या पत्नीने, काही न विचारता मीठ घातलेलं कोमट पाणी तिच्या हातात दिलं. सुलभाही शिक्षिका होती. पनवेलच्या एका मराठी शाळेत तिची सगळी नोकरी झाली. पालकसभेनंतर घशाला काय हवं असतं ते तिला सांगावं लागत नाही.

"सगळे आले होते का गं?"

"सगळे. एक बाबा विचारतात, माझ्या मुलाची कंपासपेटी हरवली तेव्हा तुम्ही काय करत होतात? एका आईने वहीतल्या माझ्या प्रत्येक लाल शेऱ्याचा फोटो काढून आणला होता. आणि एक आजोबा! नातवाबद्दल चकार शब्द नाही. स्वतःच्या शाळेतल्या गुरुजींबद्दल बोलत बसले, मागे ही रांग."

"चांगलं कुणीच भेटलं नाही?"

"एक भेटले. कुवेतला असतात. मुलीच्या आईने मोबाइल समोर धरला. डोक्यावर हेल्मेट, मागे क्रेन. म्हणाले, मॅडम, जेवणाची सुट्टी आहे, फार वेळ नाही. मेरी बच्ची वर्गात हसते का, एवढंच सांगा." मेधाने पाण्याचा घोट घेतला. "हसते म्हटलं. खूप हसते. तर ते रडायलाच लागले."

मग ती उठून बसली. होळीला जोडून शाळेला चार दिवस सुट्टी होती आणि तिने मुरूडला एका घरी खोल्या सांगून ठेवल्या होत्या. "मला समुद्र बघायचाय. जिथे कुणी मॅडम म्हणणार नाही असा. बाबा, तुम्ही चला. तुम्ही तर मुरूडवर लिहिलंयत."

"मीही येते," सुलभा म्हणाली.

मेधा हसली. "आई, तुला गाडी लागते."

"बघू या."

मी वर्तमानपत्राची घडी घालत होतो. ती घालून झाल्यावर पुन्हा उघडली.

या अंकाच्या वाचकांना मी प्रवासाबद्दल लिहिणारा म्हणून माहीत आहे. नोकरीत असताना होळीच्या, दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसच्या मित्रांबरोबर मी बराच हिंडलो आणि आल्यावर त्यावर लिहीत गेलो. त्या लेखांत एक वाक्य ठरलेलं असायचं, थोड्याफार फरकाने: "आमच्या सौभाग्यवतींना गाडी लागते, त्यामुळे हा आनंद आम्हांला एकट्यानेच लुटावा लागला." लोक भेटले की या वाक्याला दाद द्यायचे. काहींना ते पाठ होतं.

ते वाक्य खोटं आहे. सुलभाला गाडी लागत नाही. गाडी मला लागते.

लग्नानंतर आम्ही सगळे एसटीने महाडला गावी निघालो होतो. सुकेळी खिंडीत माझ्या पोटात ढवळलं आणि मला खिडकीही गाठता आली नाही. शेजारी डुलकी लागलेल्या मामांनी काढून ठेवलेल्या नव्या कोऱ्या चपला होत्या, त्यांच्यावर सगळं गेलं. पुढच्या बाकावरून वडिलांनी मागे न वळताच विचारलं, "कोण रे ते?" माझे वडील फार कडक होते. मी रुमाल शोधत होतो. तेवढ्यात शेजारच्या नव्या नवरीने पदराने स्वतःचं कोरडं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला जरा मळमळलं." गावी पोचेपर्यंत सगळ्या वऱ्हाडाला कळलं होतं की नव्या सुनेला गाडी लागते.

पहिल्या वर्षी मी लाजेने गप्प बसलो. नंतर सवयीने. त्याच्याही नंतर सोयीने. माझी आई आमच्याकडे असायची, सुट्टीत पाहुणे यायचे, कुणीतरी घरी थांबायला हवं होतं, आणि थांबण्याचं कारण तयारच होतं. मी गुपचूप गोळी घेऊन निघायचो. पालकसभा संपली की सुलभाही अशीच सोफ्यावर आडवी व्हायची आणि म्हणायची, "या सुट्टीत कुठेतरी जाऊ या हं." दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मला वाटेत खायला दशम्या करून द्यायची.

पेण ते रेवदंडा

सकाळी निघालो. मेधाने आईला पुढे बसवलं. "आईला लागते, ती पुढे. बाबा, तुम्ही मागे." त्या एसटीनंतर कुठल्याही गाडीत मी मागे बसलो नव्हतो. पुढची जागा आणि गोळी, या दोन खांबांवर माझं सगळं प्रवासवर्णन उभं होतं. पळस्पे सुटल्यावर मी खिसा चाचपला. गोळ्या दुसऱ्या सदऱ्यात राहिल्या होत्या. वाटेत औषधांची दुकानं लागली, पण गोळी मागायची म्हणजे कुणासाठी ते सांगायला हवं.

मला बाहेरचं फारसं काही दिसत नव्हतं, मी समोरच्या सीटवरच्या एका टाक्याकडे नजर लावून बसलो होतो. जे दिसलं ते सुलभाच्या बोलण्यातून. तिने काच खाली केली होती आणि लहान मुलीसारखी बोलत होती. पेणमध्ये एका शेडसमोर रांगेने गणपती ठेवले होते, अजून रंग न दिलेले, पांढरेशुभ्र. "डोळेच नाहीत गं अजून," ती म्हणाली. "कसे शहाण्यासारखे बसलेत!" अलिबागच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या होत्या. तिथे उतरून तिने घासाघीस करून दोन वेण्या घेतल्या आणि मांडीवर घेऊन बसली. कांद्याच्या वासाने मला बरं वाटलं. तिने ते मुद्दाम केलं की काय, कोण जाणे. कारण थोड्या वेळाने मागे न बघता तिने खांद्यावरून हात मागे केला. हातात आलेपाकाची वडी होती.

चौल सुटलं, रेवदंड्याच्या सुपारीच्या वाड्यांची गार सावली संपली आणि गाडी खाडीच्या पुलावर आली.

"ही कुंडलिका का?" सुलभाने विचारलं.

"हो. पलीकडे तो कोर्लईचा किल्ला," मेधा म्हणाली.

सुलभा पूल संपेपर्यंत मान वळवून बघत राहिली. वर्षानुवर्षं तिसरीच्या वर्गात तिने फळ्यावर रायगड जिल्ह्याचा नकाशा हाताने काढला होता, पुस्तकात न बघता. "मी हिला नेहमी जास्तच सरळ काढत आले," ती म्हणाली. "मुलांना किती चुकीचं शिकवलं!"

आयुष्यभर घरी थांबावं लागल्याचं नाही, तिला वाईट वाटलं ते एवढ्याचं.

काशीदच्या अलीकडे

कोर्लईनंतर रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्यामधून वळणं घेत जातो. माझ्या जुन्या लेखात मी या वळणांना 'नागमोडी सौंदर्य' म्हटलं होतं. या वेळी तिसऱ्या की चौथ्या वळणावर आलेपाकाने हात टेकले. त्याच वेळी मेधाचा फोन वाजला, सुदैवाने म्हणायचं. तिने गाडी एका झोपडीवजा दुकानाशी उभी केली, पडद्यावरचं नाव पाहून "कंपासपेटी!" म्हणून कपाळाला हात लावला आणि बोलत बोलत पार समुद्राच्या बाजूला निघून गेली. मी दार उघडलं आणि दुकानामागच्या सुरूच्या झाडाशी जेमतेम पोचलो.

बराच वेळ मी झाडाला धरून उभा होतो. सुलभा पाण्याची बाटली घेऊन आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला, चूळ भरायला लावली. दुकानात एक आगरी बाई ताडगोळे सोलत बसली होती. हातातला कोयता खाली ठेवून ती उठली.

"काय झाला? कोनाला गाडी लागली?"

सुलभाने पदराने तोंड पुसलं. स्वतःचं, कोरडं. "मला हो," ती म्हणाली. "नेहमीचंच आहे. लिंबू मिळेल का?"

त्या पदराकडे मी बघत राहिलो. तीच बोटं, तसाच पदर. फक्त हातातल्या हिरव्या बांगड्या नव्हत्या.

बाईने एकदा सुलभाकडे पाहिलं, मग माझ्या सदऱ्याच्या पुढच्या भागाकडे. "तुमाला?" एवढंच म्हणाली आणि लिंबू कापायला वळली.

तोवर मेधा फोन संपवून आली. आईच्या हातात लिंबू, बाटली अर्धी. तिने लगेच ताडलं. "आई! तरी मी म्हणत होते! पुढे मुरूडपर्यंत सगळी वळणंच आहेत गं. परत येताना पुन्हा हेच. कशाला जिवाला त्रास? आपण इथूनच फिरू या. अलिबागला जेवू, संध्याकाळपर्यंत घरी."

"बरं," सुलभा म्हणाली.

वाद नाही, कुरकुर नाही. तिने लिंबाची फोड कागदात गुंडाळली आणि गाडीकडे चालायला लागली. हे 'बरं' मी आयुष्यभर ऐकलं होतं. पहाटे दशम्यांचा डबा हातात देताना ती असंच म्हणायची: "बरं, जपून जा." पण ते ऐकल्यावर मी नेहमी घराबाहेर पडत असे. तिच्यामागे उभं राहून तिला परत जाताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिच्या चपलांना वाळू लागली होती. समुद्र दुकानाच्या पलीकडेच होता आणि तिने अजून पाण्यात पायही घातला नव्हता.

"मेधा," मी म्हणालो. "गाडी मला लागली."

"काय?"

"ओकारी मला झाली. आईला गाडी लागत नाही. कधीच लागत नव्हती."

"मी मगाशीच बोलनार होते," दुकानातून आवाज आला. "ओकला कोन, ते मी काय बगितला नाय?"

मेधाने माझ्याकडे पाहिलं. वर्गात एखाद्या पोराने न विचारता गुन्हा कबूल केला की बाईंना आधी त्याचं काय करावं ते कळत नाही, तशी ती पाहत होती. मग मी सुकेळी खिंड सांगितली, मामांच्या चपला सांगितल्या. चपलांना ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

"आणि लेखात लिहायचात ते?"

"ते खोटं."

"मी शाळेत असताना ते सगळ्या मैत्रिणींना वाचून दाखवायचे बाबा. आणि आम्ही हसायचो. आईला." ती सुलभाकडे वळली. "आई, तू का नाही कधी बोललीस?"

सुलभा गाडीच्या दाराला टेकून उभी होती. "आधी नवी होते," ती म्हणाली. "मग जुनी झाले." आणि माझ्याकडे बघून जरा रागानेच, "तुम्हांला तरी आत्ता उन्हात हे काढायचं काय नडलं होतं? आधी चूळ भरा नीट."

दुकानातल्या बाईने ताडगोळ्यांचे पैसे घेतले, लिंबाचे घेतले नाहीत. मला एक प्लास्टिकची पिशवी दिली. "ही धरा आजोबा. आनि आजीला फुडंच बसू दे." मी पिशवी घेऊन मागे बसलो. मेधाने गाडी मुरूडच्या दिशेने काढली.

मुरूड

आमचा मुक्काम एका वयस्क मुस्लिम जोडप्याच्या घरी होता. खाली ते, वर आम्ही. तांदळाच्या भाकऱ्या, ओले बोंबील आणि नारळाच्या दुधातली डाळ असं जेवण त्यांनी वर पाठवलं. मी पेज मागून घेतली. पोटाला तेवढंच झेपत होतं. मेधा माझ्याशी कामापुरतं बोलत होती. "मीठ द्या." "पंखा लावू?" असं.

संध्याकाळी कोळीवाड्यात होळी होती. आमच्या सुकापूरच्या सोसायटीत होळी म्हणजे पार्किंगच्या कोपऱ्यात चार लाकडं, ग्रुपवर 'कृपया वाहने हलवावीत' असा निरोप आणि अर्ध्या तासात विझवायला आलेला वॉचमन. इथे सुपारीचं अख्खं झाड होतं, शेंड्याला झेंडूच्या माळा बांधलेलं. दोरखंड लावून पुरुषांनी ते उभं केलं तेव्हा सगळ्या वाड्याने श्वास रोखला होता. झाड एकदा डावीकडे कललं, बायका ओरडल्या, मग ते खड्ड्यात नीट बसलं. अंगावर दागिने आणि केसांत अबोलीचे गजरे घालून बायका भोवती फेर धरून गात होत्या. त्यांतल्या एका म्हातारीने सुलभाचा हात धरला. "ये गो बाय, बगतेस काय नुसती?" आणि सुलभा गेली. तिला फेर धरता येतो हे मला माहीत नव्हतं. मेधालाही नव्हतं.

परतताना आम्ही किनाऱ्यावर बसलो. सुलभाने पाय वाळूत खुपसले होते. मी विचारलं, "फार राग येत होता का गं?"

"तुम्ही मित्रांबरोबर जायचात, त्याचा नाही यायचा," ती म्हणाली. "सासूबाईंना एकटं ठेवता येत नव्हतंच. एकदाच आला. आमच्या शाळेची सहल जंजिऱ्याला जायची होती, माझाच वर्ग. मी मुलांना सगळा किल्ला शिकवून ठेवला होता. मोठ्या बाईंनी बोलावलं आणि म्हणाल्या, अहो, तुम्हांला गाडी लागते ना, मिस्टरांच्या लेखात वाचलं की मी. तुम्ही शाळेतच थांबा, बाकीच्या वर्गांवर लक्ष ठेवा."

"मला बोलली नाहीस."

"काय बोलायचं? छापून आलेलं होतं ते."

मेधा उठून पाण्याच्या दिशेने चालत गेली. थोड्या वेळाने परत आली आणि आईच्या शेजारी, अगदी चिकटून बसली.

राजपुरी

जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या राजपुरीच्या धक्क्यावरून सुटतात. मी तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो तर मेधा म्हणाली, "बाबा, दोनच काढा. तुम्हांला लागते ना? तुम्ही काठावर थांबा." गेल्या दिवसभरातलं हे तिचं सगळ्यात लांब वाक्य. त्यात खोडी होती, आणि खोडी होती म्हणून मला हलकं वाटलं.

सुलभा होडीत चढताना खलाशी हात पुढे करून म्हणाला, "चाची, संभालके, हात द्या."

"हात नको. तू बाजूला सरक, मला पायरी दिसत नाही," सुलभा म्हणाली. पालकसभेत ती कशी बोलत असेल ते मला त्या क्षणी कळलं.

शीड भरलं, होडी लहान होत गेली. मी धक्क्यावर एका दगडावर बसलो. जवळ तिची पिशवी, गाडीत तापायला नकोत म्हणून उतरवलेल्या कांद्याच्या वेण्या, दोघींच्या पाण्याच्या बाटल्या. काठावर थांबणाऱ्याला काय काय सांभाळावं लागतं याचा मी कधी विचार केला नव्हता. ऊन सरकलं की मी दगड बदलत होतो. शेजारी जाळी विणणाऱ्या एका कोळ्याने विचारलं, "तुमी नाय गेले?" मी म्हणालो, "मला लागते." तो म्हणाला, "हां, लागते काय जनांना." आणि पुन्हा विणायला लागला. एवढं साधं होतं ते.

त्या परत आल्या तेव्हा सुलभाचे केस सुटले होते आणि साडीचा काठ ओला होता. होडीतून उतरायच्या आधीच ती बोलायला लागली. जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसतच नाही. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचा तलाव. "आणि ती मोठी तोफ! गाइड म्हणाला, कितीही ऊन असलं तरी ही तापत नाही. मी हात लावून बघितला. चांगली तापली होती! तसं म्हटलं त्याला, तर म्हणतो, आजी, आज ऊन जास्त आहे."

मेधा हसून हसून धक्क्यावर बसली.

माझ्या मुरूडच्या जुन्या लेखात 'भर उन्हातही शीतल राहणारी ती अजस्र तोफ' असं वाक्य आहे. मी हात लावला नव्हता. तेही इथेच दुरुस्त करतो. बाकी किल्ल्याचं वर्णन मला करता येणार नाही. या वेळी मी तो पाहिलेला नाही.

सुकापूर

परतीच्या वाटेवर मेधाने अलिबागला गाडी थांबवली, स्वतः दुकानात गेली आणि गोळ्यांचं पाकीट माझ्या मांडीवर टाकलं. सुलभा पुढेच बसली. पुलावर तिने कुंडलिकेचं वळण बोटाने काचेवर काढून बघितलं.

इमारतीत शिरलो तर लिफ्टपाशी खालच्या मजल्यावरच्या वैद्यकाकू भेटल्या. हातातल्या कांद्याच्या वेण्या बघून म्हणाल्या, "अगंबाई, सुलभाताई, तुम्ही पण गेला होतात? मग, गाडी नाही ना लागली?"

मी तोंड उघडलं. पण सुलभा माझ्याकडे न बघताच म्हणून गेली, "नाही हो. गोळी घेतली होती."

लिफ्टचं दार बंद झालं. "आई!" मेधा ओरडली.

"असू दे गं. तिथे उभ्या उभ्या कुठे सगळी कथा सांगत बसायची?"

म्हणून ही कथा बसून लिहिली आहे. वैद्यकाकू हा अंक आमच्याकडूनच नेतात आणि जाहिरातींसकट वाचून काढतात. त्यांना आणि आजवर त्या वाक्याला हसलेल्या सगळ्यांना सांगतो की आमच्या घरात गाडी मला लागते.

मेधाची पुढची सुट्टी मे महिन्यात. सध्या शाळेतून आली की दोघी नकाशा उघडून बसतात आणि हळू आवाजात बोलतात. मला अजून कुणी विचारलेलं नाही. मीही विषय काढलेला नाही. गोळ्या मात्र आणून ठेवल्या आहेत. या वेळी खिशात नाहीत, फ्रिजवर, सगळ्यांना दिसतील अशा.